डाव्या कडेची बाई

"चेहऱ्यावर जाऊ नकोस, गुंडे. चेहरा मागाहून कुणीही रंगवतं. कोपर बघ."

हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं त्याला सहा वर्षं झाली. मी हसले होते. नंतरही जेव्हा जेव्हा तिने हे म्हटलं तेव्हा मी हसलेच. आता कुणी नुसतं "चेहरा" म्हटलं तरी मी आधी त्याच्या हातांकडे बघते.

आम्ही दोघी एका संग्रहालयात कामाला. आमची चित्रं जुनी आहेत, पण फार नावाजलेली नाहीत. ती चित्रं साफ करायची, मी त्यांच्याबद्दल लिहायचे. चित्राशेजारी भिंतीवर जी छोटी पाटी असते, चित्रात कोण आहे, काय चाललंय, कशाचा अर्थ काय, ती पाटी माझी. चित्रावरचा शेकडो वर्षांचा धूर, मेण आणि पिवळं पडलेलं वॉर्निश काढणारे हात तिचे. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा, नखाएवढी जागा पुसायची, काडी टाकायची, दुसरी घ्यायची. दिवसाला दोनशे काड्या. तिच्या केसांत, बाहीवर, चहाच्या कपातसुद्धा कापसाचे तंतू सापडायचे, म्हणून पहारेकऱ्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे तिला कापूसताई म्हणत. माझं नाव तिनेच ठेवलेलं. घाबरगुंडी. लाडात आली की नुसतंच गुंडी.

नाव खोटं नव्हतं. लेक झाल्यावर तर मी कहरच केला. ती झोपली की नाकाखाली बोट धरून बसायचे. दिवसातून दोनदा वजन. पाळण्याच्या दांड्या फूटपट्टीने मोजल्या, मधून डोकं जाईल का म्हणून. कापूसताईला फोन करायचे, "दोनदा शिंकली गं ती." पलीकडून आवाज यायचा, "मग तिला सांग, तिसरी उद्यासाठी ठेव." मी हसायचे आणि तासभर बरी राहायचे. आमच्या दोघींत काळजी करायचं खातं माझं आणि धीर द्यायचं तिचं. अशी वाटणी एकदा झाली की ती बदलायचं कुणाच्या मनातही येत नाही.

माझ्या लेकीनंतर दहा महिन्यांनी तिला मुलगा झाला. चार महिन्यांनी ती कामावर परत आली, तेव्हा दुरुस्तीच्या खोलीतल्या लांब टेबलावर ते चित्र येऊन पडलं होतं.

चित्र साडेचारशे वर्षांपूर्वीचं, दोन दारं शेजारी ठेवावीत एवढं रुंद. काढणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नाही. गोष्ट मात्र माहितीची. देवांच्या राजाला कुणीतरी भाकीत सांगितलेलं असतं की तुझंच मूल तुला गादीवरून खाली ओढेल. म्हणून तो आपली मुलं जन्मताच गिळून टाकतो. पाच मुलं अशी गेल्यावर सहाव्या वेळी आई ते तान्हं बाळ लांब डोंगरावर पोचवते, वनातल्या मुलींच्या स्वाधीन करते, आणि नवऱ्याच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला दगड देते. तो उघडून न बघता गिळतो. डोंगरावर बाळ बकरीच्या दुधावर आणि मधावर वाढतं. ते रडलं की बापाला ऐकू जाऊ नये म्हणून राखणीचे सैनिक ढालींवर तलवारी आपटून गोंगाट करतात. हे बाळ म्हणजे ज्युपिटर, पुढचा राजा.

चित्र वाचायचं कसं हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि त्याचा मला थोडा तोराही होता. रेषा शोधायच्या, नजरा मोजायच्या. मी मोजल्या. बाळ सोडून चित्रात दहा जीव आहेत, बकरी धरून. त्यातल्या नऊ जणांच्या नजरा बाळावर. उजवीकडून तलवारींच्या तिरक्या रेषा उतरतात त्या बाळाशी येऊन थांबतात. मधाचं पोळं धरणाऱ्या मुलीचा हात बाळाकडे, बकरीचं शिंगसुद्धा बाळाकडे. सगळा उजेड तिथेच सांडलेला. बकरी म्हणजे माया, मध म्हणजे पुढे येणारी गोड वाणी, ढाली म्हणजे पहारा. पाटी माझ्या डोक्यात तयारच होती.

दहावी व्यक्ती डाव्या कडेला. एक वाळलेलं झाडाचं खोड चित्र उभं कापतं आणि त्या खोडाच्या पलीकडे एक बाई चित्राबाहेर चालली आहे. इतकी बाहेर, की तिचं पाऊल चौकटीने अर्धं तोडलंय. हातात पांढरं बोचकं. मान वळवून मागे बघते आहे, पण नजर मधल्या खोडाशीच अडते, आणि मंद हसते आहे. दोन जुन्या पुस्तकांत तिला "दुपटी नेणारी दासी" म्हटलं होतं. मीही तेच धरलं. मोठ्या देवाधिकांच्या गोष्टीत तेवढाच एक घरगुती गोडवा, असं वाक्यसुद्धा सुचलं होतं.

"ही दासी नाही," कापूसताई म्हणाली. मुलगा झाल्यावर कामावर आल्याचा तिचा तो दुसराच दिवस होता. "इकडे ये. डावं कोपर बघ. ताणलंय. आतली शीर वर आलीय. खांदा बघ किती खाली गेलाय. आणि बोटं बघ, खालून एकमेकांत अडकवलीत. दुपटी अशी धरतं का कुणी? तू धरतेस?"

"मी दुपटीही जीव मुठीत धरूनच धरते."

"चेष्टा नको. तो दगड आहे, गुंडे. आणि ही आई आहे. बाळ ठेवून दगड घेऊन चाललीय त्याच्याकडे."

"आई असती तर हसली असती का?"

"ते हसू नंतरचं आहे."

तिने खिडक्या लावून जांभळा दिवा लावला. त्या दिव्याखाली मागाहून लावलेला रंग काळा दिसतो. अख्खी बाई जशीच्या तशी दिसत होती. तोंड तेवढं काळं. जणू कुणी तिच्या ओठांवर शाईचा अंगठा दाबला होता.

"कुणातरी मालकाला रडकी बाई दिवाणखान्यात नको असेल," ती म्हणाली. "तू पाटीवर लिहिशील की हा सगळा गोंगाट बाळाचं रडणं झाकायला आहे. लिही, खरंच आहे ते. पण त्याच गोंगाटात हिचं रडणंही बुडतंय. ते कोण लिहिणार?"

मला ते आवडलं. आवडलं आणि पटलं नाही. म्हणजे पटवून घ्यायची तयारी नव्हती.

आमच्याकडे नियम असा की नंतरचा रंग काढायचा तर नुसतं साफ करणाऱ्याच्या सांगण्यावरून काढत नाहीत. लिहिणाऱ्याने एक टिपण द्यावं लागतं, की ही आकृती कोण, आणि रंग काढल्याने चित्राच्या अर्थात काय फरक पडेल. ते टिपण माझ्याकडे होतं. एक पान.

त्याच आठवड्यात आम्ही मागच्या अंगणात चहा पीत बसलो होतो. कपातला कापसाचा तंतू बोटाने काढता काढता ती सहज म्हणाली, "बाळाला उचललं ना गं, की दगड उचलल्यासारखं वाटतं. माझं बाळ मी कुठेतरी ठेवून आलेय आणि हे भलतंच काहीतरी माझ्या हातात दिलंय."

यावर मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण मला त्यातून सुटका नको आहे. मी म्हणाले, "सात किलोचा झालाय तो, वाटणारच! माझी सव्वा वर्षाची होत आली तरी साडेआठावर अडलीय. नशीबवान आहेस तू."

ती हसली. चांगलं मोकळं हसली. मी चेहऱ्यावर गेले.

टिपण मी असं लिहिलं: "डाव्या कडेची स्त्री ही गौण आकृती असून तिच्या मुखावरील उत्तरकालीन रंग चित्राच्या आशयाला बाधा आणत नाही." कारणं होती. प्रदर्शन तीन आठवड्यांवर आलं होतं. दोन्ही पुस्तकं माझ्या बाजूने होती. आणि मनात असंही होतं की हिची झोप होत नाहीये, पहिलटकरीण आहे, हिला आता सगळीकडे आई आणि बाळच दिसणार. स्वतः फूटपट्टीने पाळणा मोजणारी मी, दुसरीला भास होतात असं ठरवून मोकळी झाले.

तिने ते उभ्याउभ्याच वाचलं. "बाधा आणत नाही," ती म्हणाली. "छान लिहितेस तू." आणि कागद परत दिला.

त्या रविवारी मी लेकीला घेऊन तिच्या घरी गेले. बाळ बघायला आणखी चार-पाच जण आले होते, तिच्या नणंदा, शेजारी. टीव्ही चालू होता. कुणी खुळखुळा वाजवत होतं, कुणी टाळ्या, तिची एक नणंद चमच्याने ताट बडवत होती आणि बाळ त्या आवाजाने खिदळत होतं. सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "नाक आमच्याकडचं, कपाळ आमच्याकडचं."

"आणि रडणं?" कुणीतरी विचारलं.

"ते तिच्याकडचं!" सासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. मीसुद्धा.

कापूसताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चौकटीला टेकून, अर्धी आत, अर्धी बाहेर. तिच्या हातात दोरीवरून काढलेल्या कपड्यांचा ढीग होता. लंगोट, झबली, दुपटी. वाऱ्याने उडतील असे कपडे. आणि तिची कोपरं ताणलेली होती, बोटं खालून अडकवलेली, नखांशी पांढरी पडलेली. हे मी पाहिलं. नजरेतून सुटलं असं मी म्हणू शकत नाही. लिहिताना हे फार जुळवल्यासारखं वाटतंय ते मलाही कळतंय, पण ती तशी उभी होती त्याला मी काय करू? ती माझ्याकडे बघून हसली. मी लगेच बाळाकडे वळले, कारण मला त्याच्या मांड्यांच्या वळ्या मोजायच्या होत्या. माझ्या लेकीला कधी आल्याच नव्हत्या तशा वळ्या.

निघताना तिने विचारलं, "टिपण बदलता येईल का अजून?"

"अगं, सही झालीय," मी म्हणाले. "आणि रविवारी तरी काम सोड. झोप काढ जरा."

मंगळवारी सकाळी तिने मला दुरुस्तीच्या खोलीत बोलावलं. चित्रावर भिंग लावून ठेवलेलं होतं. "बघ," एवढंच म्हणाली.

परवानगी नसताना तिने त्या बाईच्या ओठांच्या कोपऱ्यातला रंग काढला होता. जागा मुगाच्या दाण्याएवढी. मी भिंगातून बघितलं. हसू तिथे संपत होतं आणि खाली दात होते. खालचा ओठ दातांनी दाबून धरलेला, इतका घट्ट, की रक्त सरलेल्या जागेवर चित्रकाराने पांढऱ्या रंगाचा एक अगदी बारीक ठिपका ठेवला होता. साडेचारशे वर्षांपूर्वी एका माणसाने कुठल्यातरी बाईला हुंदका असा गिळताना पाहिलं होतं आणि तो ठिपका विसरला नव्हता. आणि मी तिला गोडवा म्हणून पाटीवर चढवणार होते.

"आता?" मी विचारलं.

"आता तू बोल," ती म्हणाली.

दुपारी मोठे साहेब आले. ते ओरडणारे नाहीत. "परवानगी कुणी दिली?" त्यांनी विचारलं. मग माझं टिपण मागवलं आणि मोठ्याने वाचलं. गौण आकृती. बाधा आणत नाही. खाली माझी सही. खोलीत आम्ही तिघंच होतो. कापूसताई माझ्याकडे बघत नव्हती, काड्यांच्या बरणीकडे बघत होती, पण ती वाट बघत होती हे तिच्या पाठीवरूनही कळत होतं. मला एवढंच म्हणायचं होतं: टिपण चुकलंय, साहेब. ती बरोबर आहे. सहा शब्दांचं काम.

मी म्हणाले, "ती फार थकलीय, साहेब. तिला विश्रांतीची गरज आहे."

देवाशपथ, मला वाटलं मी तिला वाचवतेय. नियम मोडल्याची लेखी नोंद होऊ नये म्हणून. साहेबांनाही सुटल्यासारखं झालं. त्यांनी तिथेच दोन महिन्यांची रजा लिहिली आणि तिच्या नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. नवरा माणूस वाईट नाही. जिन्यात भेटला तेव्हा त्याने माझे हात धरले. "बरं झालं तुम्ही बोललात, ताई. आता घरी राहील तर बाळाकडेही लक्ष देईल." ती त्याच्यामागे चालत होती. हातात डबा, छत्री आणि कापसाचा एक न फोडलेला गठ्ठा. गठ्ठा तिने दारात माझ्याकडे दिला. "राहू दे तुझ्याकडे," म्हणाली. आणि हसली.

दिवसभरात तिला तिच्या नावाने, तिच्या कामाने ओळखणारी एकच खोली होती. ती मी बंद केली. हे कळायला मला पंधरा दिवस लागले.

ती मुगाएवढी जागा बाहेरून बोलावलेल्या कुणीतरी तासाभरात भरून टाकली. हसू पुन्हा पुरं झालं. प्रदर्शन वेळेवर उघडलं.

मी फोन करत राहिले. फोन सासूबाई उचलायच्या. "बाळ कसं आहे?" मी विचारायचे. प्रत्येक वेळी पहिला प्रश्न तोच, जिभेला वळणच तसं. "छान आहे. आता उपडा होतो." "आणि ती?" "झोपलीय." सकाळी अकराला झोपलेली, दुपारी चारला झोपलेली. एकदा मागून बाळाचं रडणं ऐकू आलं, खूप वेळ, आणि ते कुणी उचलल्याचा आवाज आला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "गॅसवर दूध आहे," आणि फोन ठेवला.

दोनदा घरी गेले. पहिल्यांदा दारातच चहाचा कप मिळाला आणि "आत्ताच डोळा लागलाय तिचा." आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. अंधार होता. मी हाक मारली असती तर? माझ्या कडेवर लेक झोपली होती, ती जागी होईल म्हणून मारली नाही. हो, खरंच. त्यासाठी.

दुसऱ्यांदा कुलूप होतं. समोरच्या बाईंनी सांगितलं की गेले, नवऱ्याची बदली झाली म्हणे, कुठे ते नाही माहीत. मी विचारलं, ती कशी होती? "हसरी होती हो," बाई म्हणाल्या. "कधी तोंड वाईट केलं नाही. दिसायची मात्र कमी. बाळ फार गोड होतं."

तिचा फोन लागत नाही. नवऱ्याचा वाजतो, कुणी उचलत नाही. साहेबांकडे मी लेखी दिलं की माझं टिपण चुकीचं आहे, ती दासी नाही, आई आहे, पाटी बदला, तोंडावरचा रंग काढा. "पुढच्या छपाईच्या वेळी बघू," ते म्हणाले. मग थोडं थांबून, मायेने: "तुम्हीही जरा दमलेल्या दिसताय." त्या वाक्याची चव कशी असते ते मला आता कळलं.

रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्या चित्रासमोर उभी राहते. लोक येतात, बाळाकडे बघतात, बकरीकडे बघून हसतात, आई-बाप आपल्या मुलांना उचलून ढाली दाखवतात. माझी पाटी वाचतात. डाव्या कडेला कुणी पोचत नाही. घरी गेले की लेक कपाटातला तो कापसाचा गठ्ठा मागते, मी देत नाही. झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरते. श्वास असतो. एवढं डोळ्यांत तेल घालून बघणारी मी. आणि बघितलं काय?

चार महिने झाले. मला माहीत नाही ती कुठे आहे. आहे का, हेही माहीत नाही. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, आता राहू देते.

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्या इमारतीत, गल्लीत, एवढ्यात कुणी नवीन बिऱ्हाड आलंय का? नवरा, सासूबाई, आठ-नऊ महिन्यांचं गुटगुटीत बाळ, आणि फारशी न दिसणारी एक बाई. उंच आहे. औषधांनी बोटांची टोकं गुळगुळीत झालेली आहेत. हाताला लागेल तो धागा दोन बोटांत वळत राहते. तुम्ही बाळ बघायला जाल तेव्हा सगळे बाळाभोवती असतील, म्हणून मागच्या दाराकडे बघा. ती झोपलीय असं सांगतील. तरी थांबा. हाक मारा, कुणाचं मूल जागं झालं तरी चालेल. ती बाहेर येईल ती हसतच येईल. त्यावर जाऊ नका. तिच्या हातात जे काही असेल, बाळ असो नाहीतर नुसती दुपटी, ते आधी आपल्या हातात घ्या. मग तिच्या शेजारी बसा, आणि बाळ कसं आहे ते विचारू नका.

आजच जा. आणि मला कळवा. ती तिथे नसेल, तरी कळवा.